बांधावर थांबलेला ठिपका

त्या दिवशी नेटवर्क होतं. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे काही महिने मी सगळ्यांना उलटंच सांगत होतो. बायकोच्या माहेरी सांगितलं, शेजारी सांगितलं, ऑफिसात सांगितलं. पेणच्या पुढे खाडीच्या कडेला रेंज जाते हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे कुणी उलट विचारलं नाही. पण रेंज गेली नव्हती. बायकोचा फोन मी माझ्या हाताने बंद केला होता. डेटा वाचवायचा म्हणून, आणि खरं सांगायचं तर राग आला होता म्हणून. त्यामुळे एक माणूस भरतीच्या पाण्यात आम्हाला शोधत फिरला, आणि तेवढा वेळ मी चहा पीत बसलो होतो.

डेटा वाचवायचं हे वेड मला भीतीपोटी लागलं. काही वर्षांपूर्वी आम्ही तिघं, मी, बायको आणि मुलगी, दिवेआगरला निघालो होतो. मुलगी मागच्या सीटवर माझ्याच फोनच्या हॉटस्पॉटवर व्हिडिओ बघत होती. म्हसळ्याच्या पुढे एका वळणावर दिवसाचा डेटा संपला आणि माझ्यासमोरचा नकाशा पुसला गेला. रस्ते गेले, गावांची नावं गेली. करड्या कोऱ्या पडद्यावर आमचा निळा ठिपका तेवढा उरला. दोन्ही बाजूंना झाडी, संध्याकाळ होत आलेली, विचारायला माणूस नाही. मी कुठे आहे हे फोनला माहीत होतं, पण आजूबाजूला काय आहे हे माहीत नव्हतं. फार काही झालं नाही. थोडं भटकलो आणि रस्त्याला लागलो. पण तो कोरा पडदा माझ्या मनातून गेला नाही.

त्यानंतर मी सगळं शिकून घेतलं. नकाशा घरच्या वायफायवर आधीच उतरवून ठेवायचा. प्रवासात आपण कुठे आहोत हे कळायला इंटरनेट लागतच नाही, ते थेट उपग्रहावरून कळतं, हे मी ऑफिसात लोकांना बोलावून बोलावून सांगायचो. उपग्रहाचं चित्र कधी लावायचं नाही. ग्रुपवर येणारे फोटो आणि व्हिडिओ आपोआप उतरू द्यायचे नाहीत. माझ्यासकट सगळ्यांच्या फोनमध्ये मी तशी सेटिंग करून ठेवली होती. आणि गाडी सुरू करायच्या आधी सगळ्यांचे फोन गोळा करून डेटा बंद करायचा. बायको डॅशबोर्डवरच्या गणपतीला हात जोडायची तेव्हा मी तिच्यापुढे तळहात पसरलेला असायचा. मुलगी म्हणायची, "आई, दे बाई, जप्ती आली." बायको फोन काढून द्यायची. मी तो समोरच्या खणात टाकायचो. आमच्या घरात तो नियमच झाला होता, आणि नियम मी केलेला असल्यामुळे तो मला बरोबर वाटायचा.

बायकोचं माहेर पेणच्या पुढे, धरमतरच्या खाडीच्या अंगाला आहे. त्या बाजूची सगळी भातशेती खाडीच्या पाण्याहून खाली. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचे लांबच लांब बांध घातलेले आहेत. मधेमधे पावसाचं पाणी बाहेर सोडायला दारं असतात, त्यांना तिकडे उघाडी म्हणतात. बांध फुटून भगदाड पडलं की खांड पडली म्हणतात. हे शब्द मी लग्नानंतर ऐकले आणि ऐकून सोडून दिले.

तिचा थोरला भाऊ तिथेच राहतो. वडील लवकर गेले, हिचं शिक्षण आणि लग्न त्यानेच केलं. आधी शेती, मग टेम्पो, आता दोन ट्रक आहेत. मोठ्या आवाजाचा, मस्करी करणारा माणूस. बायको त्याला दादूस म्हणते, मी दादा म्हणतो, तो मला भावजी म्हणतो. माझ्या नकाशांवर त्याचा फार जीव. "भावजी, तुमचा नकाशा आमच्या म्हशीला पन दाखवा जरा, रोज वाट चुकते." चारचौघांत हे बोलायचा आणि ओसरीवरची सगळी माणसं हसायची. मीही हसायचो. पण मला ते लागायचं. हे इथे मुद्दाम लिहितो, कारण पुढचं सगळं त्यातून झालं.

गेल्या नारळी पौर्णिमेला आम्ही दोघंच राखी बांधायला निघालो. मुलगी नोकरीच्या गावी होती. बायकोने नारळाच्या करंज्या केल्या होत्या, डबा मांडीवर घेऊन बसली होती. पाऊस थांबून थांबून पडत होता. वडखळच्या अलीकडे गाड्या उभ्या. पुढे काय झालंय ते दिसत नव्हतं. रस्त्यावरची गर्दी नकाशावर बघायची तर डेटा लागतो, आणि माझा डेटा बंद. नुसतं उभं राहून राहून मी वैतागलो आणि उतरवलेला नकाशा बोटांनी मोठा करून बघू लागलो. हमरस्त्यावरून एक बारीक पांढरी रेघ खाडीकडे जात होती आणि वळसा घालून बायकोच्या गावामागे निघत होती.

"हे बघ," मी म्हणालो, "सरळ तुमच्या घराच्या परसात."

तिने वाकून बघितलं. "अहो, तो बांध आहे. आणि आज पुनव. दुपारी पाणी भरतं."

"पाणी बांधाच्या बाहेर भरतं ना? नाहीतर बांध कशाला घातलाय?"

"त्यावर गाड्या जातात, नाही असं नाही. पण उधाणाला नाही जात कोणी. दादूसला एकदा फोन लावून विचारते."

"त्याला काय विचारायचं? नकाशावर रस्ता आहे."

मी गाडी त्या रेघेकडे वळवली. तिचा फोन खणातच होता.

सुरुवातीला रस्ता बरा होता. उन्हाळ्यात मुरूम टाकलेला दिसत होता. दोन्हीकडे हिरवंगार भात, बगळे. मी तिला म्हणालोसुद्धा, बघ, एक गाडी नाही. मग उजवीकडचं भात तसंच राहिलं आणि डावीकडे खाडी आली. थोडं अंतर गेल्यावर माझ्या लक्षात आलं की डावीकडचं पाणी उजवीकडच्या भातापेक्षा वर आहे. आम्ही त्या दोहोंच्या मधल्या मातीवरून चाललो होतो. गाडीच्या रुंदीपेक्षा हातभरच जास्त जागा. वळवायला जागा नाही. पाणी मातकट होतं आणि त्याला लाटा नव्हत्या, ते नुसतं फुगल्यासारखं वर येत होतं. मी स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं की बोटं दुखायला लागली. बायकोने हळूच खण उघडून फोन काढला तो मला दिसला नाही, कारण माझी नजर समोरच्या मातीवरून हलत नव्हती.

एक उघाडी मागे टाकली. तिथे बांध थोडा रुंद होता. तिथेच थांबायला हवं होतं. पुढच्या वळणावर बांधावरून पाणी वाहत होतं. फार नाही, चादरीसारखं पातळ. डावीकडून येत होतं आणि उजवीकडे भातात पडत होतं. मी ब्रेक दाबला. गाडी थांबली आणि त्या शांततेत बायकोच्या हातातल्या फोनचा आवाज झाला.

"काय आहे ते?"

"मी माहेरच्या ग्रुपवर लोकेशन पाठवलंय. आपण कुठे आहोत ते दादूसला दिसेल."

मला काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. समोर पाणी, मागे जायला जागा नाही, आणि माझी सगळी भीती त्या फोनवर निघाली. "तुला किती वेळा सांगितलंय! ते लोकेशन चालू राहिलं की सतत डेटा खातं!" मी फोन हिसकावला. पडद्यावर वर भावाचा मेसेज आला होता, एकच ओळ. मी तो न वाचता बोटाने बाजूला सारला. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. मग मी फोन फ्लाइट मोडवर टाकला, म्हणजे इंटरनेटही नाही आणि साधा फोनही लागणार नाही, आणि खणात फेकला. माझा फोन सकाळपासून तसाच होता, बॅटरी टिकावी म्हणून.

ती म्हणाली, "मी उतरते. तुम्ही मागे घ्या."

ती उतरून गाडीच्या मागे गेली. आरशात मला तिची छत्री दिसत होती. ती डिकीवर थाप मारून ओरडायची, "या... या... अहो डावीकडे नको, डावीकडे माती सुटलीय!" पाणी तिच्या घोट्यापर्यंत आलं होतं. एकदा मागचं चाक घसरलं आणि गाडी खाडीकडे कलली. डब्यातल्या करंज्या खाली सांडल्या. मी डोळे मिटले, हेही खरं आहे. ती तशीच थापा मारत राहिली. कसेबसे उघाडीपाशी आलो. तिथे गाडी पुढे-मागे करून वळवली आणि हमरस्त्याला लागलो तेव्हा माझा सदरा पाठीला चिकटला होता.

फाट्यावर एक चहाची टपरी होती. पाणी उतरेपर्यंत आणि गर्दी सुटेपर्यंत तिथेच थांबू म्हटलं. बायको बाकावर बसली नाही. तिची साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने भरली होती.

"फोन द्या माझा. दादूस वाट बघत असेल."

"पोचल्यावर बोल की. त्याला माहीत आहे आपण येतोय."

"अहो, त्याला आपण बांधावर दिसलो असू."

"दिसलो तर दिसलो. आता निघालो ना तिथून?"

मला त्याचं हसणं ऐकू येत होतं. भावजी बांधावर अडकले, नकाशा घेऊन. हे ओसरीवर वर्षभर पुरलं असतं. पोचल्यावर आपण आपल्या पद्धतीने सांगू, रस्ता बघायला जरा आत गेलो होतो म्हणू, असं मी मनात जुळवत होतो. मी चहा घेतला, दुसराही मागवला. टपरीवाला कुणाला तरी सांगत होता, "आज पानी लय चढलाय. वाराबी उलटा हाय." बायकोचा चहा तसाच होता, त्यावर साय धरली होती. ती खाडीच्या दिशेला तोंड करून उभी होती. तिथून खाडी दिसत नव्हती.

मग ती काही न विचारता गाडीकडे गेली. खण उघडून फोन काढला आणि फ्लाइट मोड बंद केला. फोन तिच्या हातात थरथरायला लागला आणि थांबेना. सुटलेल्या कॉलच्या ओळीच ओळी, खाली मेसेज, खाली आवाजाचे मेसेज. तिने पहिला लावला. भावाचा आवाज, नेहमीसारखा मोठा.

"बाय, बांधावर गारी घालू नको. पुढं खांड परलीय, मी व्हिडिओ टाकलेला तो बघलास न्हाय का?"

तो व्हिडिओ बारा-पंधरा दिवसांपूर्वीच ग्रुपवर आला होता. आमच्या फोनवर तो धूसर चौकोन होता, त्यावर खाली जाणारा बाण. वायफायवर बघू म्हणून राहिला होता.

दुसरा मेसेज. "बाय, तुमी हालत न्हाय. गारी बंद परली काय? फोन उचल."

तिसऱ्यात वाऱ्याचा आवाज होता आणि तो धापा टाकत होता. "बाय, मी येतंव. गारीतून बाहेर निघा. टपावर चढा. मी येतंव."

पुढे काही नव्हतं. तिने त्याला फोन लावला. बंद. परत लावला. मग वहिनीला लावला, आणि फोन स्पीकरवर टाकला. मला सगळं ऐकू आलं.

"बाय? तू हायस? अगो तू हायस काय?" वहिनी ओरडली. मग एकदम आवाज खाली. "ते बांधावर गेलं. तुमाला बघाला. अजून आयलं न्हाय."

हमरस्त्याने गावात जायला किती वेळ लागला ते मला आठवत नाही. गाड्या सुटल्या होत्या. मी एकदा म्हणालो, "काही नाही होणार, त्याला पाण्याची सवय आहे." बायकोने माझ्याकडे नुसतं बघितलं.

घराच्या मागे बांधाच्या तोंडाशी माणसं जमली होती. पुढे बांध होता की नाही ते कळत नव्हतं. मधेमधे काळी माती वर दिसायची आणि परत पाणी. दोघांनी होडी घालून बघितली होती पण ओढ एवढी की परत आले. वहिनीच्या हातात फोन होता. ती माझ्याजवळ आली आणि तो माझ्यापुढे धरला.

नकाशा होता. निळ्या खाडीच्या कडेवर एक लहानसा गोल, त्यात बायकोचा फोटो, मुलीच्या वाढदिवसाला काढलेला, हसरा. "तासाच्या वर हितंच व्हता," वहिनी म्हणाली. "जरा पन हालला न्हाय. आमी सगली हेच बघत व्हतो. आता हालला, तुमी रस्त्याला लागल्यावर. पन यांचा फोन तवा पान्यान गेला असंल. यांना कसा दिसंल?"

मागून कुणीतरी म्हणालं, "शेरातली मानसं, पुनवेला बांधावर गारी घालतात." दुसऱ्याने त्याला गप्प केलं.

मी तिथे उभा राहिलो. ओहोटी लागायची वाट बघण्याखेरीज काही करता येत नव्हतं. पाणी उतरतंय की नाही ते कळावं म्हणून मी एका दगडावर नजर ठेवली. दगड तसाच बुडलेला. मला सारखं वाटायचं, आता काहीतरी वाहत येईल. चप्पल येईल, टोपी येईल. एकदा काळं काहीतरी आलं आणि बायको किंचाळली. नारळ होता. सकाळी कुणीतरी खाडीला वाहिलेला. मी मनात देवाला काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही, त्यातलं मी काही पाळलं नाही.

दगड हळूहळू वर आला. पुढची माती दिसायला लागली. बऱ्याच वेळाने, अजून उजेड चांगला होता तेव्हा, बांधावर दूर एक माणूस दिसला. हातात बांबू. लंगडत होता. लोक धावले. मी धावलो नाही.

तो आला. अंगभर चिखल, ओठ काळेनिळे. आधी बहिणीकडे बघितलं. मग माझ्याकडे, मग माझ्या मागे उभ्या असलेल्या गाडीकडे.

"आयला," तो म्हणाला, "गारी तर सुकी हाय."

आणि हसायला लागला. हसता हसता बांधावरच बसला आणि मग ते हसणं राहिलं नाही.

त्याने ओसरीवर पांघरूण घेऊन तुकड्यातुकड्यांत सांगितलं. ठिपका जिथे होता तिथवर तो पोचला, तेव्हा पाणी कमरेवर होतं. गाडी दिसेना. म्हणजे गाडी खाली गेली. मग तो बांधाच्या दोन्ही बाजूंना बांबू घालून चाचपत राहिला. टप लागतो का. "बांबू कायतरी कडक लागला की मना वाटं, आला टप. मग बुडी मारायचो. दगुड." फोन केव्हाच गेला होता. पाय कालवांच्या धारदार शिंपल्यांनी कापला. शेवटी ओढीने घेतलं तेव्हा उघाडीचा खांब हाताला लागला, आणि पाणी उतरेपर्यंत तो त्याला मिठी मारून उभा राहिला.

"फोन लावून लावून थकलो," तो म्हणाला. "काय झालता, भावजी?"

सगळे माझ्याकडे बघत होते. वहिनी पायाला हळद लावत होती, तिचा हात थांबला. तेव्हा सांगायला हवं होतं.

"नेटवर्क नव्हतं, दादा," मी म्हणालो.

"हां," तो म्हणाला, "तिकडं न्हायच लागत."

बायको ताट घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं, आणि खाली बसून भावाला राखी बांधली. त्याचा हात थांबत नव्हता, म्हणून वहिनीने तो धरून ठेवला.

घरी परतल्यावरही ती काही बोलली नाही. ती कधी बोलते याची मी वाट बघत होतो. भांडली असती तर मी काहीतरी म्हटलं असतं. पुढच्या प्रवासाला सवयीने मी तळहात पुढे केला. तिने गणपतीला हात जोडले, फोन पर्समध्ये टाकला आणि पर्सची चेन लावली. भावाचा पाय बरा व्हायला फार दिवस लागले. वहिनी फोनवर सांगायची, पायाचं विशेष नाही, पण झोपेत हे हातांनी चाचपत राहतात, जमिनीवर, भिंतीवर. बायको हे ऐकून फोन ठेवायची आणि मला शब्द न् शब्द सांगायची. मी म्हणायचो, डॉक्टरला दाखवा म्हणावं.

मी असाच राहिलो असतो, हे मला माहीत आहे. पण दिवाळीनंतर मुलगी मैत्रिणींबरोबर अलिबागला गेली. परतताना मांडव्याहून बोटीने मुंबईला यायची होती. निघताना तिने तिचं लोकेशन मला पाठवलं, मीच मागितलं होतं. मी ऑफिसात बसून बघत होतो. तिच्या फोटोचा गोल धक्क्यावरून सुटला, पाण्यात आला, आणि समुद्राच्या मधोमध थांबला.

मी थोडा वेळ थांबलो. गोल तिथेच. फोन लावला, लागेना. पडदा बंद करून परत उघडला. तिथेच. मी उठून खिडकीपाशी गेलो, जणू तिथून समुद्र दिसणार होता. बोट बंद पडली असेल. बोट कलली असेल. तिला पोहता येतं का, चांगलं येतं का, थंड पाण्यात किती वेळ येतं. शेजारच्या टेबलावरचा माणूस काहीतरी विचारत होता, त्याचे नुसते ओठ हलताना दिसत होते. माझ्या हाताशी बांबू असता तर मी तो त्या निळ्या पडद्यात घातला असता.

मग तिचा फोन आला. ती गेटवेला उतरून टॅक्सीत बसली होती.

"तुझा ठिपका..." मी म्हणालो.

"डेटा संपत आला होता, म्हणून फ्लाइट मोडवर टाकला. तुम्हीच तर शिकवलंत, बाबा. अहो, रडताय का?"

त्या रविवारी मी एकटा गाडी काढली. बायकोला सांगितलं, दादाकडे जाऊन येतो. तिने कारण विचारलं नाही, डब्यात काहीतरी भरून दिलं. निघण्यापूर्वी मी दादाला लोकेशन पाठवलं आणि डेटा चालू ठेवून फोन समोर उभा केला. वाटेत दोनदा परत फिरावंसं वाटलं. तो हात उगारेल याची भीती नव्हती. तो हसून सोडून देईल, आणि मग मला ते आयुष्यभर तसंच वागवावं लागेल, याची होती. पेण गेलं. फाट्यावरची टपरी आली तेव्हा मी तिकडे बघितलं नाही.

तो घराबाहेर रस्त्यावरच उभा होता, हातात नवा फोन. अजून थोडा लंगडत होता.

"घरातून निघालाव तवापासून बघतंय," तो म्हणाला. "आज काय डेटा फुकट वाटतात काय, भावजी?"

मी गाडीतून उतरलो. दार लावायचं राहिलं. वहिनी आतून चहाला या म्हणत होती. मी त्याला म्हणालो, "दादा, आधी माझं ऐका. त्या दिवशी नेटवर्क होतं. हिचा फोन मी बंद केला. तुमचा मेसेज आलेला दिसला होता, मी तो वाचला नाही. आम्ही बांधावरून सुखरूप बाहेर आलो होतो आणि फाट्यावर बसलो होतो. ती फोन मागत होती, मी दिला नाही. तुम्ही हसाल म्हणून दिला नाही. तुम्ही पाण्यात आमच्या गाडीचा टप शोधत होतात तेव्हा मी दुसरा चहा मागवला होता. आणि नंतर तुमच्या ओसरीवर बसून तुमच्याशी खोटं बोललो. माझं चुकलं, दादा. मला माफ करा."